मागून येणारा आवाज

बारावीनंतर मी साउंड इंजिनिअरिंगला जाणार म्हटल्यावर बाबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आमच्या घरात गंभीर बोलणं सुरू होण्याची ही खूण. "आवाजाचं काय शिकायचं असतं?" ते म्हणाले. "तो येतोच की."

आईची धास्ती वेगळी होती. बडोद्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मंडपवाला आहे. खुर्च्या, गाद्या, पातेली, भोंगे, सगळं भाड्यानं देतो. त्याचा पोरगा टेम्पोच्या टपावर भोंगे धरून बसतो. आईच्या डोळ्यांपुढे त्या टपावर मी दिसत होते, आणि तेसुद्धा तीन वर्षांची फी भरून.

आजोबांनी एवढंच विचारलं, "त्यात तबला वाजवावा लागतो का?"

"नाही. ऐकावा लागतो."

"मग अवघड आहे," म्हणाले, आणि पानाचा डबा उघडला.

आजोबा तबला शिकले ते गायनशाळेत. सुरसागर तलावाच्या काठावरची ती इमारत आता विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी आहे, पण आमच्याकडची जुनी माणसं अजून 'गायनशाळा'च म्हणतात. सयाजीरावांनी १८८६ साली मौलाबक्ष या गवयांना पुढे करून ती सुरू केली. मी लहान असताना आजोबांचं बोट धरून तिथून जायचे तेव्हा एका खिडकीतून तबला, दुसरीतून सतार, तिसरीतून कुणाचे तरी पलटे असं एकदम कानावर यायचं. आजोबा त्यातला नेमका तबला वेचून म्हणायचे, "हा पोरगा घाईत आहे." मला तर सगळा काला ऐकू यायचा.

मी मात्र शिकले शहराबाहेरच्या एका नव्या विद्यापीठात, बसनं पाऊण तासावर. पहिल्या वर्षाला आम्ही एकवीस जण. एकोणिसांना संगीतकार व्हायचं होतं, एकाला घरच्यांनी पाठवलं होतं, आणि उरलेली मी. पहिला महिना आम्ही केबल गुंडाळल्या. हसू नका. एक वेढा सरळ आणि एक उलटा असा घालायचा, म्हणजे केबलला पीळ पडत नाही आणि टोक धरून फेकली की सरळ उलगडते. नुसती कोपरावर गुंडाळली की आतल्या तारा मुरगळतात आणि नेमक्या कार्यक्रमात खरखर सुरू होते. संगीतकार व्हायला आलेल्यांपैकी चौघं या महिन्यातच घरी गेली. आजही कुणी मदतीला आलं की मी आधी त्याच्या हातातली केबल बघते.

मग कानाचे तास सुरू झाले. 'पिंक नॉइज' नावाचा एक आवाज असतो. त्यात प्रत्येक सप्तकाला सारखीच शक्ती वाटलेली असते, आणि ऐकायला तो लांबून ऐकलेल्या धबधब्यासारखा लागतो. सर त्यातला एखादा पट्टा हळूच वाढवायचे आणि आम्ही सांगायचं, कुठला. अडीचशे हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला अडीचशे कंपनं? हजार? चार हजार? मला काही सुधरेना. घरी येऊन मी तीच फाईल लावली आणि वैतागून आजोबांनाच विचारलं. त्यांना हर्ट्झ माहीत नव्हतं, पण उत्तरं तयार होती. "हे हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखं. हे नाकात. हे पत्र्यावर. आणि हे कानाशी डास." मी वहीत लिहून घेतलं: २५० हंडा, १००० नाक, ४००० पत्रा, त्याच्याही वर डास. पुढच्या चाचणीत माझा दुसरा नंबर आला. हा तक्ता कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही, आणि माझं मत विचाराल तर असायला हवा.

दुसऱ्या वर्षी प्रकल्प होता: एक साथीचं वाद्य रेकॉर्ड करा. मी आजोबांना घेऊन गेले. तेव्हा ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. पांढरं धोतर, कोट, आणि तबल्याची पिशवी कुणाच्या हातात द्यायची नाही. स्टुडिओच्या जाड दाराआड त्यांनी हातोडीनं कडेच्या गजऱ्यावर ठोकत तबला सुरात आणला, त्यातच वीस मिनिटं गेली. तोवर मी माइक लावले, त्यांच्या डोक्यावर हेडफोन चढवला, काचेमागे जाऊन खूण केली.

त्यांनी ठेका धरला. दोन आवर्तनं झाली आणि थांबले.

"माझा हात मागून येतोय गं."

मला वाटलं वयामुळे असेल. (आता ते आठवलं की लाज वाटते.) म्हटलं, "आजोबा, परत एकदा." परत तेच. तिसऱ्यांदा त्यांनी 'तिरकिट' घेतला आणि हेडफोन काढून मांडीवर ठेवला. "हात पुढे गेला, आवाज मागे राहिला. हे भूत कुणाचं?"

भूत कॉम्प्युटरचं होतं. तो आवाजाची मापं घेतो, सेकंदाला ४४,१०० वेळा. हा विचित्र आकडा आला तो डिजिटल आवाज सुरुवातीला व्हिडिओ टेपवर साठवत असत म्हणून. टेपच्या चित्राच्या एका ओळीत तीन मापं बसत, चित्र वरून खाली एकदा रेखायच्या झाडणीत २४५ ओळी कामाला येत, आणि सेकंदाला साठ झाडण्या. करून बघा गुणाकार. पण कॉम्प्युटर एकेक माप उचलून पुढे देत नाही, आधी घमेलं भरतो. माझ्या सेटिंगमध्ये घमेलं १,०२४ मापांचं होतं. ते भरायला २३ मिलिसेकंद, आणि परत बाहेर यायला तेवढंच दुसरं घमेलं. म्हणजे बोट तबल्याच्या मधल्या काळ्या शाईवर पडल्यापासून तोच बोल आजोबांच्या कानात पोचेपर्यंत किमान ४६ मिलिसेकंद. सेकंदाचा विसावा हिस्सासुद्धा नाही. पण तिरकिटातला 'ति' कानाशी पोचतो तोवर बोट 'र'कडे निघालेलं असतं.

"सेकंदाला चव्वेचाळीस हजार वेळा मोजतो ना तुमचा कॉम्प्युटर?" आजोबांनी विचारलं. "मग एवढा मोजणारा मागे कसा पडतो?"

मी घमेल्याचं सांगितलं. त्यांना पटलं. गवंड्याच्या हाताखालचे मजूर त्यांनी पाहिले होते.

उपाय दोन. घमेलं लहान करायचं, ६४ मापांचं, म्हणजे दीड मिलिसेकंद. पण मग मजुराला इतक्या फेऱ्या पडतात की स्वस्तातला कॉम्प्युटर दमतो आणि आवाजात चटचट येते. दुसरा उपाय सरांनी केला. वाजवणाऱ्याला कॉम्प्युटरमधून फिरून आलेला आवाज द्यायचाच नाही, माइकचा सरळ कानाकडे वळवायचा. एक बटण दाबायचं होतं. ते कुठे आहे हे मला ठाऊक होतं, परीक्षेत त्याची आकृतीही काढली होती. फक्त समोरच्या माणसाच्या हाताशी त्याचा संबंध आहे हे डोक्यात शिरलं नव्हतं. त्यानंतर आजोबा चाळीस मिनिटं वाजवत होते आणि मधे एकदाही काचेकडे बघितलं नाही.

घरी येऊन ऐकलं तर 'धा' पोकळ. तबल्यावरचा 'ना' स्वच्छ, डग्ग्यावरचा 'गे' भरदार, पण दोन्ही हात एकत्र पडले की जणू मधलं काही तरी कुणी काढून घेतलंय. हाही उशिराचाच खेळ निघाला. एक माइक तबल्यावर, एक डग्ग्यावर. तबल्याचा आवाज आपल्या माइकात आधी पोचतो आणि डग्ग्याच्या माइकात जरा नंतर. आवाज मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर चालतो. दोन वाटांत तेवढाच फरक पडला की एक प्रत दुसरीच्या एक मिलिसेकंद मागे, आणि दोन्ही मिसळल्या की ५०० हर्ट्झला एकीचा चढ नेमका दुसरीच्या उतारावर येतो. १,५०० ला परत तेच, २,५०० ला परत. आलेखावर ते फणीच्या दातांसारखं दिसतं. पुढच्या खेपेला मी माइक वीतभर सरकवले, जवळ घेतले आणि धा भरला. आजोबांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "दोघं जण एकच हकीकत सांगतात, पण एक जरा मागून. ऐकणाऱ्याला वाटतं, दोघेही खोटं बोलतायत."

याच सुमारास मला खोल्या ऐकायचं वेड लागलं. १८९५ साली हार्वर्डमध्ये वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकावर एक काम आलं. एका नव्या व्याख्यानगृहात बोललेलं कुणाला कळत नव्हतं, शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. सॅबिन रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या उचलून आणायचा, ऑर्गनची एक नळी वाजवायचा, स्टॉपवॉचनं घुमारा मोजायचा, आणखी गाद्या मांडायचा, परत मोजायचा, आणि सकाळच्या आत सगळ्या गाद्या जागेवर. खोलीचं आकारमान आणि तिच्यात आवाज शोषणारं किती यावरून घुमारा काढायचं त्याचं सूत्र आम्ही परीक्षेला लिहिलं. गाद्या वाहायचा भाग अभ्यासक्रमात नव्हता, मला तोच जास्त आवडला.

आम्ही गाद्यांऐवजी फुगे फोडतो. फट् केलं की खोली आपली माहिती देते. मी जिना, माळा, मावशीचा हॉल, सगळीकडे फुगे फोडले. आजोबांचं भजनी मंडळ ज्या देवळात बसतं त्याच्या सभामंडपात फोडला तेव्हा गुरुजी धावत आले, "वाढदिवस कोणाचा?" रिकामा सभामंडप दोन सेकंदांच्या वर घुमत होता. एकादशीला माणसं दाटीनं बसलेली असताना पुन्हा मोजलं (गुरुजींना आधी सांगून), तेव्हा घुमारा निम्म्यावर आला. धोतरं, लुगडी, शाली आणि खुद्द माणसं, ही सगळी सॅबिनच्या गाद्याच. "तरीच," आजोबा म्हणाले, "एकादशीचं भजन रंगतं आणि एरवी नुसती झांजांची मारामारी."

इथवरचं शिक्षण बंद दाराआडचं. खरी परीक्षा नवरात्रात झाली, शेवटच्या वर्षी.

बडोद्याचा गरबा न पाहिलेल्याला सांगणं कठीण आहे. मैदानावर हजारो माणसं, मधे वर्तुळामागे वर्तुळं, आणि गायक-वादक जिवंत, रेकॉर्ड नव्हे. मी एका साउंडवाल्यांकडे मदतनीस म्हणून लागले. आईनं 'टपावर बसणार नाहीस ना' एवढीच अट घातली. तिचा स्वतःचा भोंडला त्याच आठवड्यात असतो. पाटावर हत्ती, भोवती दहा-बारा बायका-मुली. "आमच्या भोंडल्याला काही लागत नाही तुझं हे," ती म्हणाली. खरंच नाही लागत. त्यांच्या फेराच्या या टोकाचा आवाज त्या टोकाला बारा मिलिसेकंदांत पोचतो, आणि एवढं कान सांभाळून घेतो.

पण मैदान शंभर मीटर खोल असलं की गणित फिरतं. स्टेजवरचा ढोल मागच्या टोकाला सेकंदाच्या २९ शतांशानं पोचतो. मिनिटाला १२० ठोके धरले तर ठोका अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे मागच्यांची टाळी अर्ध्याहून जास्त ठोक्यानं मागे. त्यात त्यांना बिचाऱ्यांना कळत नाही, कारण त्यांच्या कानाशी ती बरोबरच असते. उंचावरून बघितलं तर टाळीची लाट स्टेजकडून मागे सरकताना दिसते, शेतातून वारा जावा तशी. आमच्या उस्तादांनी मला पहिल्या दिवशी मचाणावर चढवून तेवढंच दाखवलं होतं.

ही लाट काही कुणाला थोपवता येत नाही. आमचं काम त्याहून लहान. मागच्यांना ऐकू यावं म्हणून मैदानाच्या मधोमध आणखी स्पीकर उभे करतात, त्यांना आम्ही डिले टॉवर म्हणतो. वायरीतून सिग्नल तिथे पोचायला वेळ लागत नाही, म्हणून टॉवर आधी बोलतो आणि स्टेज मागून. एका ढोलाचे दोन होतात. मग टॉवरला मुद्दाम थांबवायचं, स्टेजचा आवाज चालत चालत त्याच्यापाशी येईपर्यंत. आणि आल्यावरही लगेच नाही, आणखी दहा-पंधरा मिलिसेकंद. १९४९ साली हेल्मुट हास या जर्मन संशोधकानं दाखवून दिलं की कान पहिल्यांदा येणाऱ्या आवाजाची दिशा धरतो. त्यामागून थोड्याशाच अंतरानं तोच आवाज दुसरीकडून आला, अगदी दहा डेसिबलनं मोठा असला, तरी तो वेगळा म्हणून ऐकू येत नाही. पहिल्यालाच बळ देतो. म्हणून टॉवरखाली उभा असलेला माणूस टॉवरचाच आवाज ऐकतो आणि शपथेवर सांगतो की तो स्टेजवरून येतोय. टॉवर नीट लागला आहे की नाही, याची खूण एकच: तो आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

पहिल्या रात्री तो सगळ्यांच्या ध्यानात आला.

टॉवर स्टेजपासून ६५ मीटरवर होता. मी स्वतः टेपनं मोजलं होतं. मशीनमध्ये आकडा टाकला ६५. तो रकाना मीटरचा नव्हता, मिलिसेकंदाचा होता. टाकायला हवे होते १८८ आणि वरचे दहा-बारा. गरबा सुरू झाला, पुढे सगळं झकास, मी खूश. पाचव्या मिनिटाला मागून एक काकी वर्तुळ सोडून घामाघूम होत आल्या आणि म्हणाल्या, "बेन, तमारो ढोल तोतडाय छे." ढोल तोतरं बोलतोय. मी तोंडानं "हो हो, बघते" म्हटलं आणि मनात म्हटलं, यांना काय कळतंय. मग मागे चालत गेले. टॉवरपाशी पोचले आणि पोटात गोळा आला. धा-धा, ना-ना. माणसं दोन टोळ्यांत फुटली होती. निम्मी टॉवरवर टाळी देत होती, निम्मी स्टेजवर.

आकडा दुरुस्त करायला दहा सेकंद लागले. दोन आवर्तनांत टोळ्या एक झाल्या. कुणी वर बघितलं नाही, कुणी आभार मानले नाहीत. त्या काकी मात्र पुढच्या फेरीत माझ्यासमोरून जाताना हात उंचावून गेल्या. मग पुढचे आठ दिवस रोज येऊन "जरा अवाज वधारो ने" सांगत राहिल्या, तो भाग सोडा.

बाबा आठव्या रात्री आले. मला न सांगता. मागच्या कुंपणाशी, टॉवरच्याही पलीकडे, हातात शेंगदाण्यांची पुडी घेऊन उभे होते. मी त्यांना पाहिलं तेव्हा ते स्टेजकडे बघत होते. जवळ गेले तर म्हणाले, "एवढ्या लांब उभा आहे, पण गाणारीच्या पुढ्यात असल्यासारखं वाटतंय. चांगला गळा आहे." मी हो म्हटलं. डोक्यावरच्या टॉवरबद्दल काही बोलले नाही.

गेल्या नवरात्रात मी पहिल्यांदा अख्खं मैदान एकटीनं सांभाळलं. आजोबा आता चौऱ्याऐंशीचे, जिने उतरत नाहीत. पण गच्चीवर खुर्ची टाकून बसतात. आमचं मैदान घरापासून सरळ रेषेत साधारण दोन किलोमीटर. दिवसा तिथलं काही ऐकू येत नाही. रात्री जमीन निवते, खालची हवा वरच्यापेक्षा गार होते, गार हवेत आवाज हळू चालतो आणि म्हणून वर निसटण्याऐवजी जमिनीकडे वळतो. वाराही आमच्याकडून घराकडे असला तर ढोलाचा खालचा भाग गच्चीवर पोचतो. गाणं नाही, शब्द नाहीत, नुसता हींच, गरब्याचा ठेका. आजोबा गुडघ्यावर बोटं ठेवून त्याला साथ करतात, असं आई सांगते.

लाउडस्पीकर रात्री दहाला बंद, असा २००० सालापासूनचा नियम आहे. वर्षातले मोजके दिवस, फार तर पंधरा, सरकार तो बारापर्यंत वाढवू शकतं. त्या बाराला मात्र बाराच, पोलीस घड्याळ बघत उभे असतात. शेवटच्या रात्री बाराला पाच कमी असताना मी घरी फोन लावला. गल्लीतला गरबा अकरालाच आटोपला होता. आईनं फोन गच्चीवर नेऊन आजोबांच्या हातात दिला.

"ऐकू येतंय?"

"येतंय. ढोलवाला आज घाईत नाही."

बारा वाजले. ढोलकऱ्यानं तिहाई घेतली, म्हणजे शेवटाला एकच तुकडा तीनदा, समेवर हात पडला आणि मी मास्टरचा फेडर, सगळ्या आवाजाची मुख्य सरकपट्टी, खाली ओढला. मैदानात एकदम माणसांचा कलकलाट उरला.

"आजोबा, संपलं. बंद केलं."

"कुठे बंद केलंस?" ते म्हणाले. "इथे चालूच आहे." मग फोनमध्ये गुडघ्यावर बोटं पडल्याचं हलकं टपटप आलं. मी मनात मोजायला लागले. दोन किलोमीटरला पावणेसहा सेकंद. चार. पाच.

"थांब," आजोबा म्हणाले, "तिहाई येतेय."